यंदा नवीन काय?

नाताळ उलटून दोन-तीन दिवस झाले की वसईत आमच्या भागात गोठा स्पर्धेचे, म्हणजे घरोघरी मांडलेल्या ख्रिस्तजन्माच्या देखाव्यांच्या स्पर्धेचे, परीक्षक घरोघरी फिरू लागतात. २०२३ च्या डिसेंबरात असेच तिघे आमच्या ओटीवर आले, चपला काढून गोठ्यापुढे वाकले, मोबाइलवर दोन-चार फोटो काढले आणि त्यांतल्या एकांनी अगदी सौजन्याने आईला विचारले, "यंदा नवीन काय?" आईने क्षणभर गोठ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "पेंढा." तिघेही हसले. आईला त्यात हसण्यासारखे काय होते ते कळले नाही, कारण तिने प्रश्नाचे खरे आणि पूर्ण उत्तर दिले होते. पेंढा खरोखरच नवा होता, शेजारच्या वाडीतून आदल्या आठवड्यात आणलेला. वाटीत रुजवलेल्या नाचणीचे हिरवे कोंबही नवे होते. बाकी सगळे, म्हणजे मरिया, योसेफ, दोन मेंढपाळ, तीन राजे, एक उंट, गाढव आणि बैल, माझ्या जन्माआधीपासून या घरात आहेत.

त्या बैलाचे उजवे शिंग आगपेटीच्या काडीचे आहे. मूळ शिंग माझ्या थोरल्या भावाने लहानपणी मोडले, तेव्हा बाबांनी काडी तासून, मेणाने बसवून तिला काळा रंग दिला. तो रंग दोन-तीन वर्षांनी उडतो, खालचे पिवळसर लाकूड दिसू लागते आणि मग घरातले कोणीतरी बुटाचे पॉलिश बोटावर घेऊन शिंग पुन्हा काळे करते. पुष्कळ वर्षे ते बाबाच करत. ते गेले त्या वर्षी हे काम आता कोणाचे, याची चर्चा घरात झाली नाही. पण खोका उघडला तेव्हा शिंग काळे झालेले होते, आणि ते कोणी केले हे आजही कोणी सांगत नाही.

त्या वर्षी बक्षीस धबधबा आणि चांद्रयान असलेल्या गोठ्याला मिळाले. मुलांनी त्यावर आठवडाभर जागून मेहनत घेतली होती, त्यामुळे निकालाबद्दल मला काही म्हणायचे नाही. परीक्षकांच्या प्रश्नाबद्दल मात्र बरेच म्हणायचे आहे. धर्मग्रामाची (चर्चच्या हद्दीतली) गोठा स्पर्धा असो, गृहनिर्माण संस्थेची रोषणाई स्पर्धा असो की घरगुती गणपतीच्या आराशीची स्पर्धा असो, या सगळ्यांचे गुणपत्रक "नवीन काय" या एकाच प्रश्नाभोवती रचलेले असते, आणि घरात सण कसा साजरा व्हावा हे आता ते गुणपत्रक ठरवू लागले आहे. दर वर्षी नवा विषय, नवी कल्पना, नवा देखावा. जी वस्तू गेल्या वर्षी होती ती या वर्षी दिसली की गुण कापले जातात, निदान दिले तरी जात नाहीत. माझे म्हणणे असे आहे की घरगुती सजावटीच्या बाबतीत ही कसोटीच उलटी आहे आणि ती बदलण्याची जबाबदारी स्पर्धा भरवणाऱ्या सार्वजनिक संस्थांची आहे, घराघरांतल्या हौशी माणसांची नाही.

योगायोग असा की त्याच २०२३ साली गोठ्याच्या प्रथेला आठशे वर्षे पूर्ण झाली. १२२३ च्या नाताळात आसिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो या गावी ख्रिस्तजन्माचा जो देखावा मांडला, त्यात गव्हाण होती, गवत होते, बैल होता आणि गाढव होते. चांद्रयान नसणार हे उघड आहे. पण दर वर्षी काहीतरी नवे दाखवावे अशी अपेक्षाही त्या देखाव्यामागे नव्हती. लोकांना जी गोष्ट आधीच ठाऊक आहे तीच त्यांच्या डोळ्यांसमोर यावी, एवढाच त्याचा हेतू होता.

सणात नवे काहीच असू नये असे मात्र मी म्हणत नाही. दिवाळीतला किल्ला आठवा. माती, दगड, विटा, त्यावर पेरलेले अळीव, हे सगळे दर वर्षी नवे असते आणि दिवाळी संपली की मातीत मिसळून जाते. पण महाराज आणि मावळे मात्र गेल्या वर्षीच्याच खोक्यातून निघतात, एखाद्या मावळ्याची तलवार मोडलेली असली तरी तो पहाऱ्यावर उभा राहतोच. गौरी बसतात तेव्हा फुले, पत्री, फराळ नवा आणि मुखवटे आजेसासूच्या काळचे. "यंदा मुखवटे नवे का नाहीत?" असे विचारणारा पाहुणा अजून तरी माझ्या ऐकिवात नाही. आमच्या गोठ्यातही पेंढा, नाचणी आणि दारातली सुरूची फांदी नवी, तर मूर्ती आणि काचेचे चार दागिने जुने. म्हणजे जे नाशवंत आहे ते दर वर्षी नवे आणि जे टिकाऊ आहे ते दर वर्षी तेच, असा एक हिशेब या सगळ्या सणांत फार पूर्वीपासून होता आणि तो कोणाला शिकवावा लागत नव्हता. थर्मोकोल आणि प्लास्टिकने हा हिशेबच उलटा करून टाकला. शेकडो वर्षे न कुजणारा पदार्थ आठ दिवसांच्या देखाव्यासाठी वापरायचा आणि तो फेकण्याला हौस म्हणायचे, हे आपण दोन-तीन दशकांत अंगवळणी पाडून घेतले.

त्यावर कायदे झाले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तू देशभर बंद केल्या त्यांत सजावटीचा थर्मोकोलही आहे. या कायद्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण त्यांनंतर स्पर्धांच्या नियमावलीत काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. "थर्मोकोल वापरू नये, पर्यावरणपूरक सजावटीस जादा गुण" अशी ओळ आली आणि नव्याची अट मात्र जागच्या जागी राहिली. परिणामी पुठ्ठ्याचा, तागाचा, बांबूचा नवा माल बाजारात आला, तो दर डिसेंबरात नव्याने विकत घेतला जातो, त्यावर पर्यावरणपूरक अशी चिठ्ठी असते आणि ६ जानेवारीला, तीन राजांचा सण झाला की, तोही कचरागाडीत जातो. चाळीस वर्षे वापरात असलेला मातीचा बैल पर्यावरणपूरक आहे हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्यावर तशी चिठ्ठी नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण माझ्या बाजूने बोलणारे पुष्कळ लोक तो पसरवतात. जुन्या वस्तू मोलाच्या असतात कारण त्या हाताने घडवलेल्या असतात, त्यांत कारागिराचा जीव असतो, आणि आजच्या वस्तू कारखान्यातल्या म्हणून निर्जीव, असे ते म्हणतात. नाताळच्या काचेच्या दागिन्यांचा इतिहास याला दुजोरा देत नाही.

आमच्या खोक्यात काचेचा एक पक्षी आहे. त्याच्या पायांच्या जागी पत्र्याचा चिमटा आहे, त्याने तो फांदीला पकडून बसतो; शेपूट काचेच्या केसांसारख्या बारीक तंतूंची होती, त्यांतले आता जेमतेम दहा-बारा उरले आहेत. जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने तो हॅम्बुर्गहून आणला, मोज्यांच्या गुंडाळीत ठेवून. हा पक्षी आईचा. तो फांदीवर कोण लावणार याचा क्रम आम्हा भावंडांत ठरलेला होता आणि त्यावरून झालेली भांडणे त्या पक्ष्याइतकीच जुनी आहेत. असे पक्षी ज्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या केले गेले तो जर्मनीतल्या थुरिंगिया भागातला लाउशा गाव. तिथे १५९७ मध्ये काचेची भट्टी उभी राहिली; नाताळच्या झाडासाठी केलेल्या काचगोळ्यांची तिथली नोंद १८४८ ची आहे. (राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळच्या झाडाभोवतीचे प्रसिद्ध चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आले तेही याच वर्षी.) १८६७ मध्ये गावात गॅसचा कारखाना निघाला, स्थिर आणि तीव्र ज्योत मिळाली आणि पातळ काचेचे मोठे गोळे फुंकणे सोपे झाले. काम घराघरांत चाले. बाप दिव्यापाशी बसून काच फुंकी, आई आत चांदीचे द्रावण फिरवून मुलामा देई, पोरे रंग लावत आणि टोप्या बसवत. तयार माल पाठीवरच्या टोपल्यांतून बायका झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे पोचवत. कष्ट फार, मोबदला थोडा आणि कामाला जुंपलेली मुले: आज ज्याला आपण वारसा म्हणतो त्याचा हा जमाखर्च आहे.

आणि तो माल गेला कुठे? तर अमेरिकेतल्या स्वस्त दुकानांत. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर इथे दुकान चालवणाऱ्या फ्रँक वुलवर्थने १८८० मध्ये बऱ्याच नाखुशीने पंचवीस डॉलरचे काचगोळे विकायला ठेवले, ते त्याच्याच आठवणीप्रमाणे दोन दिवसांत संपले, आणि पुढे त्याच्या दुकानांच्या साखळीने या धंद्याचे रूपच पालटले. म्हणजे आज एखाद्या अमेरिकन घरात पणजीची आठवण म्हणून कापसात जपलेला गोळा मुळात पाच-दहा सेंटला विकलेला बाजारू माल होता. पुढे दुसऱ्या महायुद्धामुळे जर्मन माल येणे थांबले, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीने विजेचे बल्ब काढणाऱ्या यंत्रावर हे गोळे काढले. युद्धाची झळ वाढली तसा आतला चांदीचा मुलामा गेला, पत्र्याच्या टोपीऐवजी पुठ्ठ्याची टोपी आली आणि पारदर्शक काचेवर रंगाचे दोन-तीन पट्टे ओढून गोळे विकले गेले. यंत्राने काढलेले आणि टंचाईमुळे उणे राहिलेले हे गोळे आज तिथल्या घरांतून सर्वांत जिव्हाळ्याने जपले जातात, कारण ज्या वर्षी ते घेतले त्या वर्षी घरातला एखादा मुलगा आघाडीवर होता हे ती पुठ्ठ्याची टोपी पाहताच आठवते.

तेव्हा वस्तूचे मोल ती कोणी घडवली यापेक्षा ती किती वेळा परत आली यावर ठरते, असे मला वाटते. अकरा महिने नजरेआड राहून ठरलेल्या दिवशी खोक्यातून निघणे हा या दागिन्यांचा विशेष गुण आहे. भिंतीवरचे छायाचित्र रोज दिसते म्हणून हळूहळू दिसेनासे होते. खोक्यातला पक्षी मात्र वर्षातून एकदाच हाती येतो आणि त्या वेळी मामाची, हॅम्बुर्गची, मोज्यांची गोष्ट कोणीतरी सांगतेच. ती गोष्ट माझ्या भाचीने मामाआजोबांना कधीही न पाहता पाठ केली आहे आणि ती सांगताना ती दर वेळी मोज्यांचा रंग बदलते.

जर्मनीतच हेर्नहुट नावाचे दुसरे एक गाव आहे. तिथल्या मोरेव्हियन ख्रिस्ती समाजाचा तारा एकोणिसाव्या शतकात नीस्की इथल्या शाळेत भूमितीच्या पाठातून जन्माला आला आणि १८९७ पासून हेर्नहुटला तो विक्रीसाठी बनू लागला. पंचवीस टोकांचा हा तारा सुटा करून खोक्यात ठेवता येतो, आणि नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घरातल्यांनी एकत्र बसून तो जोडायचा हीच त्याची प्रथा झाली आहे. एखादे टोक फाटले तर तेवढेच बदलायचे. दर वर्षी करायचे काम आहे, हातांना आणि मुलांना गुंतवणारा खेळ आहे, आणि तरीही वस्तू तीच राहते. आपल्याकडेही बांबूच्या कामट्यांचा सांगाडा जपून ठेवायचा आणि दर डिसेंबरात त्यावर खळीने नवा पतंगी कागद चिकटवायचा ही रीत अनेक घरांत होती. बाबांनी केलेला आमचा सांगाडा माळ्यावर अजून आहे. तो आता थोडा तिरका झाला आहे आणि तारा लावला की एक टोक शेजाऱ्यांच्या घराकडे झुकते.

माझ्या या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला एक मला फार वजनदार वाटतो. जुने जपायचे म्हणजे जपण्यासारखे काही हाती असायला हवे. ते सगळ्यांकडे नसते. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबई आणि उपनगरांतल्या किती तळमजल्यांवरची पेटी-कपाटे चिखलात गेली, त्यांत सणांचे खोके नसतील का? भाड्याची घरे दर अकरा महिन्यांनी बदलणारे, गाव सोडून आलेले, घर विभागले गेल्यावर मुलांसह एका खोलीत राहू लागलेली एखादी आई, यांना "तुमची सर्वांत जुनी वस्तू कोणती?" असे विचारणे हे श्रीमंतीचे नवे प्रदर्शन ठरू शकते. मला हे पटते. म्हणून वयाला गुण द्यावेत असे मी म्हणणार नाही. गुण द्यायचे ते पुनरागमनाला. गेल्या वर्षी दहा रुपयांना घेतलेला प्लास्टिकचा चेंडू या वर्षी पुन्हा लागला, तर तोही त्या हिशेबात बसतो. उलट माझ्या मते प्लास्टिकच्या चेंडूला शिक्षा म्हणून फेकण्यापेक्षा तीस वर्षे वापरणे हाच त्याच्यावरचा खरा उपाय आहे. परंपरा सुरू करायला पणजी लागत नाही, दुसरे वर्ष लागते.

जागेचा आक्षेपही नेहमी ऐकू येतो. चारशे चौरस फुटांच्या घरात माळा नसतो हे खरे, पण मूर्ती आणि दहा दागिने एका बुटांच्या खोक्यात मावतात. मावत नाहीत ते धबधबे.

कारागिरांच्या पोटाचा प्रश्न मात्र असा हसण्यावारी नेता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादला काचेचे आणि काश्मीरमध्ये कागदाच्या लगद्याचे नाताळचे दागिने बनतात आणि त्यांतले बरेचसे परदेशी जातात. लाउशाला गॅसने जे १८६७ मध्ये दिले ते फिरोजाबादला सर्वोच्च न्यायालयाच्या ३० डिसेंबर १९९६ च्या निकालाने मिळाले, कारण ताजमहालाच्या परिसरातल्या कारखान्यांना कोळसा सोडून गॅसकडे वळावे लागले. पण धंद्यातले दारिद्र्य त्याने हटले नाही. सगळ्यांनी जुनेच वापरले तर या माणसांनी काय विकायचे? याला माझे उत्तर अपुरे आहे, तरी देतो. एका घराने दर वर्षी दोनशे रुपयांचा टाकाऊ माल घेण्याऐवजी एका वर्षी टिकणारा, चांगल्या दामाचा एक दागिना घेतला, तर कारागिराला मिळणारा वाटा वाढण्याची शक्यता अधिक. टाकाऊ मालाच्या शर्यतीत भाव पडतात आणि ते पडले की सर्वांत आधी मजुरी पडते. नवे बाळ आले, नवी सून आली, तर एक नवा दागिना घ्यावा. खोक्यात भर पडत राहिली पाहिजे, खोका रिकामा करून भरायचा नाही.

आणि सगळेच जुने जपू नये हेही सांगितले पाहिजे. पाश्चात्त्य घरांत झाडावर सोडायच्या चंदेरी झिरमिळ्या पूर्वी शिशाच्या असत. मुलांना धोका म्हणून १९७२ मध्ये अमेरिकेत त्या बंद झाल्या. बनावट बर्फ म्हणून एके काळी ॲस्बेस्टॉस विकले जाई. आपल्या माळ्यावरच्या रोषणाईच्या माळांची वायर उघडी पडली असेल तर तिच्याशी कितीही आठवणी निगडित असल्या तरी ती टाकून द्यावी; आमच्या घरी एकदा पडदा जळाला आहे आणि त्या आठवणीला कोणी जपत नाही.

स्पर्धा बंद करा, हाही माझा आग्रह नाही. पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरात १९३७ पासून गोठ्यांची स्पर्धा भरते. तिथे कलाकार दर वर्षी नवा, शहरातल्या चर्चच्या मनोऱ्यांसारखा रंगीत चंदेरी कागदाचा गोठा करतात, डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी मुख्य चौकात आणून मांडतात, आणि निवडक गोठे शहराच्या इतिहास संग्रहालयात जतन होतात. युनेस्कोने २०१८ मध्ये या परंपरेची जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. तिथे नव्याला बक्षीस आहे, पण ते नवे टिकवण्याची व्यवस्थाही स्पर्धा भरवणाऱ्यांनीच उभी केली आहे. आपल्या संस्था बक्षीस देतात, फोटो काढतात आणि देखावा कचरागाडीच्या हवाली करायला स्पर्धकाला सोडून देतात. सार्वजनिक मंडळांच्या मोठ्या देखाव्यांनी नवे विषय घ्यावेत, तो त्यांचा प्रांत आहे. घरातल्या गोठ्याला मंडळाचे गुणपत्रक लावले जाते तिथे चूक होते.

तेव्हा सूचना अगदी छोटी आहे. घरगुती विभागात विषयाची सक्ती काढावी. नावीन्याला असलेल्या गुणांतले निम्मे गुण पुन्हा वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या वस्तूंसाठी ठेवावेत. आणि प्रवेशअर्जावर, नाव-पत्त्याच्या खाली, एक प्रश्न छापावा: यातली कोणती वस्तू गेल्या वर्षीही होती आणि ती घरात कशी आली? परीक्षकांनी तो अर्ज वाचून मगच ओटीवर यावे. उत्तरासाठी दोन ओळींची जागा बहुतेकांना पुरेल. आमच्या आईला पाठकोरी बाजूही लागेल.